आठवण येते, मग पुढे काय?

आजचा शास्त्रपाठ : गणना 11:4-6 आणि निर्गम 2:23-25



आजचे दोन्ही उतारे आठवणीबद्दल आहेत, पण त्या दोन आठवणींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गणनामध्ये इस्राएल लोकांना रानात मिसरातलं जेवण आठवतं. मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण. यादी इतकी बारीक आहे की वाचतानाच तोंडाला पाणी सुटतं. त्या यादीत फक्त मुकादमाचा चाबूक नाही. निर्गममध्ये मात्र देवाला आठवण होते. अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याशी केलेला करार त्याला आठवतो, आणि लगेच पुढच्या अध्यायात तो मोशेला हाक मारतो.

आपल्यातले कितीतरी जण लहान गावांतून पुण्या-मुंबईला आलोय. इथे चर्चमध्ये स्क्रीन आहे, गिटार आहे, एसी आहे. तरी एखाद्या रविवारी अचानक गावचं चर्च आठवतं आणि घसा दाटून येतो. ही आठवण कोणती? गणनातली की निर्गमातली?

माझं गाव बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली. (आमच्याकडे जिल्ह्याचे भाग दोनच, घाटावर आणि घाटाखाली!) चर्च म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रे, खाली सतरंज्या. घंटा म्हणून निंबाच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला. पावसाळ्यात पत्र्यावर असा धो-धो आवाज व्हायचा की पाळकसाहेब संदेश थांबवायचे, मग पाऊस ओसरेपर्यंत पेटी-ढोलकीवर नुसती गाणी. हंगामाच्या सणाला ज्याच्या शेतात जे पिकलं ते वेदीपुढे यायचं. ज्वारीची कणसं, तूर, कापसाची बोंडं, गावरान कोंबडी. आजी पदराखाली चार अंडी झाकून आणायची. मग लिलाव. एकच भोपळा तीन-तीनदा विकला जायचा, कारण घेणारा पैसे भरून तो परत देवालाच द्यायचा.

किती गोड, नाही? पण मीही तुम्हाला काकड्या-खरबुजांचीच यादी दिली. चर्चची किल्ली कोणाकडे राहावी यावरून दोन घरं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हती, हे यादीत नव्हतं. प्रभुभोजनाच्या दिवशीसुद्धा ती दोन टोकांना बसायची. सतरंज्या झाडायला बाया, आणि मंडळीच्या बैठकीत बोलायला मात्र पुरुष, हेही नव्हतं. म्हणून नुसत्या गोड आठवणीवर फार भरवसा ठेवू नये. ती आपल्याला हवं तेवढंच दाखवते. ती खोटी असते असं नाही, पण अर्धी असते. आणि अर्ध्या आठवणीला कोणाचं काही करावं लागत नाही.

जुन्या करारात स्मरण करण्यासाठी जो इब्री शब्द येतो, तो 'जाखर'. देवाच्या बाबतीत तो आला की त्याच्या मागोमाग काहीतरी घडतं. देवाला नोहाची आठवण होते आणि वारा सुटतो, पाणी उतरू लागतं (उत्पत्ती 8:1). त्याला हन्नेची आठवण होते आणि तिच्या मांडीवर शमुवेल येतो (1 शमुवेल 1:19-20). उलट बाजूला तो प्यालेबरदार पाहा. तुरुंगात योसेफानं त्याला एवढंच सांगितलं होतं की सुटलास की माझी आठवण ठेव. तो सुटला आणि विसरला. त्याच्या त्या विसरण्यानं योसेफाची आणखी दोन वर्षं तुरुंगात गेली. म्हणजे आठवण ठेवणं हा फक्त भावनेचा प्रश्न नाही, न्यायाचाही आहे.

आपल्या मराठी मंडळीत याचं एक मोठं उदाहरण आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलं, पण 1919 साली ते गेले तेव्हा ते अपुरंच होतं. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या आणि संसाराच्या आठवणी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहिल्या, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांनी ते अपुरं महाकाव्यही पूर्ण केलं, आणि तेही शाळेचं शिक्षण जवळजवळ नसताना! जो गेला त्याचं राहिलेलं काम हातात घेणं, हेही स्मरणच.

आमच्या वऱ्हाडातही हेच दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलायन्स मिशनचे लोक इकडे आले. 1899-1900 चा भयंकर दुष्काळ पडला तेव्हा मिशननं अनाथ मुलांना आसरा दिला. भुकेल्यांची आठवण ठेवायची म्हणजे आधी त्यांना भाकरी आणि छप्पर द्यायचं, एवढं त्यांना नक्की कळत होतं.

आता तुम्ही म्हणाल, "ते ठीक आहे, पण नोकरी सोडून गावी जाऊ का?" नाही. योसेफही कनानात राहायला परत गेला नाही. पण दुष्काळ पडला तेव्हा त्यानं भावांच्या पोत्यांत धान्य भरून दिलं. जो जिथे पोचलाय तिथून त्याला काहीतरी करता येतं.

मागच्या पावसाळ्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणीतरी चर्चचा आतला फोटो टाकला. लगेच बदाम, रडके चेहरे, "मिस यू सो मच"चा पाऊस. फोटोत सतरंजीच्या कडेला दोन बादल्या होत्या. पत्रे गळतात. रविवारी आता दहा-बारा माणसं येतात, बहुतेक म्हातारी. पाळकसाहेबांकडे तीन गावं आहेत, ते मोटारसायकलवरून येतात. माझ्या चुलत बहिणीनं मात्र त्या बादल्या पाहिल्या आणि चर्च झाडणाऱ्या मावशीला सरळ फोन लावला, "मावशी, काय लागतं सांगा." आम्हाला वाटलं ती पत्र्याचेच पैसे सांगेल. ती म्हणाली, "पत्र्याचं पाहू वं बाई. मले आता दिसत नाही. वचन वाचून दाखवाले कोणी नाही."

तेव्हापासून दर शनिवारी रात्री बहीण पुण्यातून फोन लावते आणि रविवारचा पाठ वाचून दाखवते. मावशी तो डोक्यात घेऊन सकाळी चर्चला जाते. पत्र्यासाठी वर्गणीही सुरू झालीय, पण ती नंतर. आधी कोणीतरी विचारलं, म्हणून खरी गरज कळली. आपण आपल्याच मनानं प्रोजेक्टर पाठवला असता!

प्रभूनं शेवटच्या रात्री शिष्यांना आपली आठवण दिली, तीही हातात भाकर देऊन. नुसतं आठवून बसा असं नाही, काहीतरी करा असं (लूक 22:19). आपण दर प्रभुभोजनाला तेच करतो. मग गावच्या त्या दहा-बारा माणसांना आपल्या नुसत्या आठवणीत का ठेवायचं?

आज एवढं करा : तुमच्या लहानपणच्या मंडळीतल्या एका माणसाला फोन करा. जुन्या गप्पा होतीलच. पण फोन ठेवण्याआधी विचारा, "काय लागतं?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

प्रार्थना : हे प्रभू, ज्यांनी आम्हाला तुझं नाव पहिल्यांदा शिकवलं, त्यांच्यासाठी तुझे आभार. आम्हाला गोड तेवढंच आठवतं. तू आम्हाला खरं आठवू दे. आणि आठवलं की उठून काहीतरी करायची बुद्धी दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.