फितरत आणि मेंदूचे शास्त्र

मानसशास्त्र शिकणारा तुमचा मुलगा एखाद्या रात्री दस्तरखानावर म्हणाला, ‘अब्बा, ईश्वरावरील श्रद्धा ही मेंदूला जडलेली जुनी सवय आहे,’ तर घास टाकून उठू नका. त्याचे आधी पूर्ण ऐका. ते म्हणणे पोकळ नाही.

रानात गवत सळसळते. वाऱ्याला श्वापद समजून पळणारा फसला तरी जगतो. श्वापदाला वारा समजणारा मरतो. म्हणून प्रत्येक हालचालीमागे कोणी कर्ता पाहण्याची ओढ मानवात टिकली, असे जस्टिन बॅरेट आदी संशोधक मांडतात. (उत्क्रांतीविषयी उलेमांत मतभेद आहेत, तो वाद आज बाजूला ठेवू.) डेबोरा केलेमन यांच्या १९९९च्या अभ्यासात खडक टोकदार का, या प्रश्नावर लहान मुलांचा कल ‘प्राण्यांना अंग खाजवता यावे म्हणून’ अशा उत्तरांकडे होता. बालमनाला सृष्टीत हेतू दिसतो. मुले उपजत आस्तिक असतात काय, असा प्रश्न त्यांनी पुढे २००४मध्ये एका लेखाच्या शीर्षकातच विचारला.

प्रत्येक बालक फितरतीवर जन्मते, ही बुखारी व मुस्लिममधील हदीस आपण जाणतोच. तरीही या प्रयोगांनी अल्लाहचे अस्तित्व सिद्ध झाले, असे व्यासपीठावरून गर्जणारे वक्ते मला पटत नाहीत. श्रद्धा मनात कशी उगवते हा एक प्रश्न. ती सत्य आहे काय हा दुसरा. मोजण्याची क्षमता मेंदूत कशीही घडलेली असो, दोन आणि दोन चारच राहतात. बॅरेट स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहेत, हेही मुलाला सांगा.

मात्र हीच ओढ अंधारात भूत दाखवते, मनगटावर गंडे बांधवते. तिला चाळणी हवी. सूरह अन्आममध्ये हजरत इब्राहीम (अलै.) तारा, चंद्र, सूर्य पाहतात आणि मावळणाऱ्या प्रत्येकाला नाकारत जातात.

राहिला फ्रॉईड. असहाय माणूस आकाशात पिता शोधतो, असे त्याने १९२७मध्ये लिहिले. सूरह यूनुसच्या २२व्या व २३व्या आयतींत वादळात सापडलेले प्रवासी निखळ मनाने केवळ अल्लाहला हाक मारतात आणि सुटका होताच पुन्हा मुजोर होतात. भयाचा वाटा दिव्य कुरआनने लपवलेला नाही. त्याची तक्रार किनाऱ्यावरच्या विस्मरणाविषयी आहे. मुलाने फ्रॉईड काढला, तर या दोन आयती उघडून त्याच्याजवळ बसा.