वाजंत्र्यांची पंगत

गेल्या दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर, नटूनथटून आलेल्या तरुण पोरापोरींच्या गर्दीत, कुठूनसे ‘अलबेला’तले गाणे कानी आले आणि माझी म्हातारी पावले ठेक्यात पडू लागली. नातीने विचारले, “आजोबा, हे कुणाचं?” मी रुबाबात सांगितले, “सी. रामचंद्रांचं. आपल्या पुणतांब्याचे चितळकर!” ती म्हणाली, “आणि ते ट्रंपेट?” मी गप्प झालो.

१९५१ च्या त्या चित्रपटाला साथ होती गोव्याच्या आंतोनियो झेवियर वाझची. मुंबईत त्याला चिक चॉकलेट म्हणत, आणि तो ताजमहाल हॉटेलात जाझ वाजवीत असे. त्याच ताजमध्ये १९३५ साली लिऑन ॲबी आपला अमेरिकन निग्रो वादकांचा ताफा घेऊन आला होता. हे संगीत जन्मले न्यू ऑर्लिन्समध्ये, गुलामांच्या नातवंडांच्या हाती. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका मात्र १९१७ साली निघाली ती गोऱ्यांच्या ताफ्याची. पुढे हार्लेमच्या कॉटन क्लबात १९२७ पासून ड्यूक एलिंग्टन वाजवू लागला. रंगमंचावर काळे, आणि मेजांवर बसायचे गोऱ्यांनी!

लोक म्हणतात, जाझने अमेरिकेची मने जवळ आणली. थोडे खरे आहे. १९३८ साली कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनने काळ्या वादकांना आपल्यासोबत उभे केले, तेव्हा कायदा त्यापासून सव्वीस वर्षे दूर होता. पण कान उदार झाले म्हणजे मन उदार झाले, हे मला पटत नाही. उलट कधी कधी वाटते, दाद देऊन टाकली की आपण देणे फिटले असे समजतो. टाळ्या फार स्वस्त पडतात हो! १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना अडवले गेले, तेव्हा लुई आर्मस्ट्राँगने सरकारतर्फे रशियाला जायचे नाकारले. टाळ्यांवर त्याचे समाधान झाले नव्हते.

अमेरिकेला नावे ठेवणे सोपे आहे. माझ्या लहानपणी कल्याणला आमच्या आत्याचे लग्न झाले. सनईवाला पहाटेपासून मांडवाच्या दाराशी वाजवीत होता. आजोबांनी डोळे मिटून मान डोलावली, “वा!” म्हणाले. पंगती उठल्यावर त्याला पत्रावळ वाढली ती मागल्या अंगणात, विहिरीपासून लांब. पाणी आईने वरून ओतले. मी पाहत होतो. मला त्यात काही वावगे वाटले नाही.

आत्याच्या लग्नाला आलेल्या बहुतेकांची नावे मला आजही आठवतात. सनईवाल्याचे नाव आमच्यापैकी कुणी विचारलेच नव्हते.