मनाची नोंद

सोलापुरात सेटलमेंट म्हटलं की कुठं जायचं ते रिक्षावाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. इंग्रज सरकारनं ज्यांना ‘गुन्हेगार जमाती’ ठरवलं, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायला ही वसाहत उभारली. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबं इथं आणून ठेवली. गिरणीत काम, ठरल्या वेळी हजेरी, बाहेरगावी जायचं तर पास. गिरण्यांना मजूर हवे होते, सरकारला बंदोबस्त हवा होता, दोघांचं जमलं. काही काळ कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. तिथल्या शाळेनं काही पोरांचं भलं केलं असेलही. पण शाळेत जाणारं पोरही कुंपणाच्या आतलंच होतं.

गुन्हेगार जमातींचा कायदा पहिल्यांदा आला १८७१ साली. पाच वर्षांनी इटलीतल्या चेझारे लोंब्रोझो या वैद्यानं कवटीची मापं आणि जबड्याची ठेवण पाहून ‘जन्मजात गुन्हेगार’ ओळखता येतो, असं सांगणारा ग्रंथ काढला. युरोपात त्यावर वाद तरी झडले. आपल्याकडे कवटी मोजायची तसदीही कुणी घेतली नाही. जात विचारली की भागत होतं.

गुन्हा आणि मन यांचा कोर्टासाठी जो अभ्यास होतो, त्याला न्यायवैद्यक मानसोपचार म्हणतात. त्याबद्दल लिहिताना सेटलमेंट आठवते, कारण या शास्त्राचा सगळा डोलारा नोंदींवर उभा आहे, आणि आपल्याकडे कुणाच्या कसल्या नोंदी ठेवल्या गेल्या हा हिशेब फार विषम आहे.

कायदा काय विचारतो ते आधी पाहू. १८४३ मध्ये लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसानं पंतप्रधान पील यांच्या सचिवाला गोळी घातली. त्या खटल्यावरून मनोरुग्ण आरोपीबद्दल ठरलेले नियम आपल्या १८६० च्या दंडसंहितेत कलम ८४ म्हणून आले. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम २२ आहे. आरोपी आजारी आहे का, एवढाच कोर्टाचा प्रश्न नसतो. कृत्य करताना, त्या घटकेला, आपण काय करतोय किंवा हे गैर आहे, बेकायदा आहे, हे त्याला कळत होतं का, ते कोर्ट पाहतं. कळत नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर असतं. डॉक्टरपुढं माणूस उभा राहतो तो मात्र कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी. मधल्या काळातलं मन कुणी पाहिलेलं असतं?

२००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला निर्दोष सोडलं. एप्रिल १९९४ मध्ये त्यानं बायकोच्या डोक्यात दगडी वरवंटा घातला होता. खालच्या कोर्टानं दिलेली जन्मठेप उच्च न्यायालयात कायम झाली होती. सर्वोच्च न्यायालयानं मुद्दे एकेक करून मांडले. वडिलांना मानसिक आजार होता. खुद्द शिपायावर १९९२ पासून उपचार चालू होते, निदान पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं होतं. घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर १९९४ या काळात त्याला २५ वेळा उपचारासाठी न्यावं लागलं. हेतू म्हणावा तर फारच लेचापेचा. दिवसाढवळ्या मारलं, लपला नाही, पळाला नाही. ही सगळी साखळी जुळली म्हणून ‘त्या घटकेचं मन’ कोर्टाला दिसलं.

या साखळीतले निम्मे दुवे म्हणजे दवाखान्याचे कागद. शिपायाला सरकारी नोकरी होती, त्याच्यावर उपचार झाले होते, त्यांची नोंद राहिली. आता अक्कलकोट रस्त्यावरची विडी वळणारी बाई घ्या, नाहीतर माळशिरस-करमाळ्याकडचा पारधी घ्या. घरातलं माणूस रात्र-रात्र बडबडायला लागलं, अंगावर धावायला लागलं की ‘बाहेरचं झालंय’ म्हणून पहिली गाडी गाणगापूरची. तिथं केसपेपर मिळत नाही. सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा. सोलापूरला जवळचं येरवडा, अडीचशे किलोमीटरवर. गावात सिव्हिल आहे, मेडिकल कॉलेज आहे, पण तिथवर पोचायलाही एका दिवसाचा रोज बुडतो. अशा माणसाच्या हातून काही भयंकर घडलं, तर कोर्टात त्याच्या मनाचा एक चिठोराही नसतो. पारध्याचा एक कागद मात्र असू शकतो. तो पोलीस ठाण्यात असतो, आणि त्यावर पारधी म्हणजे संशयित हे आधीच लिहिलेलं असतं.

याहून अवघड गाठ आहे ती करणीची. शेजारणीनं करणी केली म्हणून कुणी तिचा जीव घेतो. हा भ्रम आजाराचा, की सगळ्या वस्तीनं मानलेल्या समजुतीचा? वस्तीतले दहाजण तेच मानत असतील तर नुसत्या त्या समजुतीवरून डॉक्टरला आजार ठरवता येत नाही. परदेशातल्या प्रश्नावल्या मराठीत आणून हे सुटणार नाही. इथल्या बोलीत, इथल्या देवऋषांच्या आणि मांडवातल्या अंगात येण्याच्या माहितीवर उभं राहिलेलं संशोधनच हवं.

त्याऐवजी आपण यंत्राच्या मागं लागलो. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका विद्यार्थिनीला खुनाबद्दल जन्मठेप दिली, त्या निकालात मेंदूच्या विद्युतलहरी मोजणाऱ्या चाचणीलाही वजन दिलं गेलं. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, वाक्यं ऐकवायची, आणि ‘प्रत्यक्ष अनुभव’ मेंदूत आहे का ते यंत्रानं सांगायचं. त्याच वर्षी निमहान्स या राष्ट्रीय मानसोपचार संस्थेच्या संचालकांच्या समितीनं या चाचणीला शास्त्रीय आधार पुरेसा नाही असं मत दिलं. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करायला मनाई केली. कवटी मोजणं काय, लहरी मोजणं काय, घाई तीच: माणसाशी न बोलता त्याचा निकाल लावायचा.

माणसाशी बोलून आणि जुने कागद चाळून काय साधतं ते २०१९ मध्ये दिसलं. महाराष्ट्रातल्या एका कैद्याची फाशी सर्वोच्च न्यायालयानं रद्द करून मरेपर्यंत कारावास दिला. दोन लहान मुलींवर अत्याचार आणि खून, असा तो गुन्हा. वाचताना अंगावर काटा येतो, आणि सहानुभूती वाटावी अशी माझी कुणाला विनंती नाही. पण शिक्षेनंतर बळावलेला गंभीर मानसिक आजारही फाशी टाळायला कारण ठरू शकतो, हे तत्त्व त्या निकालानं घालून दिलं, आणि त्याला आधार होता तुरुंगातल्या वैद्यकीय नोंदींचा. न्यायालयानं त्याचं नाव निकालात ‘एक्स’ एवढंच ठेवलं. २०२२ मध्ये मनोज खटल्यात तर फाशीचा विचार करताना कैद्याचा मानसशास्त्रीय अहवाल मागवावा असंच सांगितलं गेलं.

आता दुसरी बाजूही पाहू. आरोपी डॉक्टरशी मोकळेपणानं बोलला आणि तेच बोलणं सरकारी वकिलानं कबुलीजबाब म्हणून वापरलं तर? मग उद्या कुणी डॉक्टरपुढं तोंड उघडणार नाही. तपासणीत निघालेलं बोलणं गुन्हा सिद्ध करायला वापरायचं नाही, ही भिंत आधी बांधावी लागेल. आणि ढोंग करणारेही येतील, त्यांना ओळखायला वेळ लागतो, अनुभवी माणूस लागतो. दहा मिनिटांत दिलेला दाखला कोर्टाच्याही कामाचा नाही.

१९५२ च्या ३१ ऑगस्टला गुन्हेगार जमातींचा कायदा गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. म्हणजे जात लिहिणं थांबायलाच बहात्तर वर्षं गेली. मन लिहायला सुरुवात कधी करायची? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कैद्यांच्या उपचारांसाठी कलम १०३ आहे, नवा कायदा कशाला हवा? सोलापूरच्या वकिलांनी, सिव्हिलच्या मानसोपचार विभागानं आणि तुरुंग प्रशासनानं मिळून एकच गोष्ट पदरात पाडून घ्यावी: खुनासारख्या गुन्ह्यात आत आलेल्या प्रत्येक आरोपीची पहिल्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी, ती त्याच्या बोलीत व्हावी, आणि तिची प्रत त्याच्या वकिलाला मिळावी.