पलीकडे पोचतो तो आवाज कोणाचा?

तिलवाऱ्याच्या घाटावर उभं राहून मी हातातल्या सेटवर बोललो आणि जबलपूर शहरातल्या नेपियर टाउनमध्ये कोणीतरी ते ऐकलं, तर त्याने ऐकलेला आवाज माझा असतो का? हौशी रेडिओ चालवणारे आम्ही बहुतेक जण सिग्नल किती आला एवढंच एकमेकांना विचारतो. हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. माझी नोकरी दूरसंचार खात्यात झाली, हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना त्याच्याही आधीचा, आणि निवृत्तीनंतर आमच्या लहानशा गटाचा रिपीटर सांभाळणं हेच माझं मुख्य काम झालं आहे. ॲनालॉग चांगला की डिजिटल, हा वाद आमच्यात सतत चालू असतो. तो ऐकता ऐकता माझी खात्री होत गेली की त्याच्या मुळाशी एक फार जुना प्रश्न आहे: दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्याचा धर्म कोणता?

जबलपूर शहर आणि नर्मदा यांच्या मध्ये मदन महालच्या ग्रॅनाइटच्या टेकड्या उभ्या आहेत. तिलवारा त्यांच्या पलीकडे, खाली, नदीकाठी. १४५ मेगाहर्ट्‌झच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगराला वळसा घालून येत नाहीत. त्यामुळे पाच वॉटच्या हँडसेटवरून घाटावरून मारलेली हाक टेकडीतच अडकते. म्हणून उंचावरच्या एका परिचिताच्या गच्चीवर आम्ही रिपीटर बसवला. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी ६०० किलोहर्ट्‌झ बाजूला सरकून तेच जोरात बोलतो. अँटेना एकच. ज्या केबलमधून मायक्रोव्होल्टच्या अंशाएवढा सिग्नल खाली उतरतो, त्याच केबलमधून त्याच वेळी पंचवीस वॉट वर चढत असतात. आपल्याच आवाजाने आपले कान बधिर होऊ नयेत म्हणून मध्ये ड्युप्लेक्सर लागतो. तो म्हणजे धातूची सहा उंच नळकांडी. आम्ही त्यांना कॅव्हिटी म्हणतो. प्रत्येकाच्या डोक्यावरचा दांडा केसभर फिरवायचा, मीटर बघायचा, पुन्हा केसभर फिरवायचा. असं करत करत स्वतःचं बोलणं स्वतःच्या कानापर्यंत कोट्यवधी पटींनी क्षीण होऊन पोचेल, इथपर्यंत आणावं लागतं. बोलत असतानाही ऐकणं थांबू नये, यासाठी हा सगळा खटाटोप.

ॲनालॉग रिपीटरमध्ये आवाजाचे चढउतार लहरीच्या फ्रिक्वेन्सीतल्या बारीक चढउतारांत उतरतात. रिपीटर ते उलगडतो आणि नव्या लहरीवर चढवतो. घाटावरून निघालेली लहर गच्चीवर संपते. शहरात पोचते ती रिपीटरने स्वतःच्या विजेतून निर्माण केलेली. न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, यात काही नवल वाटलं नसतं. त्यांच्या मते समोरासमोर बोलतानाही तोंडातून निघालेला पहिला शब्द कानापर्यंत येत नाही. तो दुसऱ्या शब्दाला जन्म देतो, दुसरा तिसऱ्याला. पाण्यावर तरंगातून तरंग उठावा तशी ही परंपरा चालते आणि आपण ऐकतो तो तिच्यातला शेवटचा. त्यांचे विरोधक असलेल्या मीमांसकांनी हे कधी मान्य केलं नाही. वर्ण नित्य आहेत, उच्चार त्यांना निर्माण करत नाही, फक्त प्रकट करतो, अशी त्यांची भूमिका. म्हणजे ऐकू आलेल्या शब्दाबद्दल नैयायिक विचारेल, हा कोणापासून जन्मला? आणि मीमांसक विचारेल, यातून कोणते वर्ण प्रकट झाले? ॲनालॉग यंत्र पहिल्या प्रश्नाला उत्तर देतं: माझ्या गळ्यापासून तुमच्या कानापर्यंतची वंशावळ ते अखंड राखतं. डिजिटल यंत्राला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

डीएमआर या डिजिटल पद्धतीच्या सेटमध्ये आवाजाचा आकार पुढे जातच नाही. सेटमधली चिप दर २० मिलिसेकंदांचा आवाज तपासते आणि त्याचं वर्णन करते: स्वर किती उंच, कोणत्या पट्ट्यात कंप आणि कोणत्या पट्ट्यात नुसती फुसफुस, जोर कुठे किती. हे वर्णन ४९ बिटांत बसतं. चुका ओळखून दुरुस्त करण्यासाठी त्याला आणखी २३ बिट जोडतात. पलीकडचा सेट ते वर्णन वाचून नवा आवाज घडवतो.

मग तो आवाज खोटाच, असं आमच्यातले काही जुने हॅम ठामपणे म्हणतात. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचं कारण तिलवाऱ्याच्या शेजारीच घडलेलं आहे. मार्च १९३९ मध्ये त्रिपुरीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने अंथरुणाला खिळले होते. त्यांचं अध्यक्षीय भाषण त्यांचे थोरले बंधू शरदचंद्र बोस यांनी वाचून दाखवलं. मंडपातल्या लोकांच्या कानावर शरदबाबूंचा आवाज पडला, तरी ब्रिटिश सरकारला निर्वाणीचा खलिता द्यावा हे मत कोणाचं, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. गळा बदलला, बोलणं तेच राहिलं. तसं राहू शकलं, कारण कोण वाचतो आहे आणि कोणाचं वाचतो आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला कॉलसाइन सांगण्याचा नियम आहे आणि रिपीटरही ठरावीक वेळाने आपली ओळख सांगतो, त्यामागचा अर्थ मला तिथे सापडतो. मध्ये दुसरा कोणी उभा असणं हा दोष नाही. तो लपून उभा असेल तर मात्र आहे.

डिजिटलच्या बाजूने मी आणखी एक साक्ष देईन. माझ्या लहानपणी आमच्या घरी येणारे वेदपाठी गुरुजी घनपाठ म्हणून दाखवत: पहिलं पद, दुसरं, दुसरं, पहिलं, पहिलं, दुसरं, तिसरं, तिसरं, दुसरं, पहिलं, पुन्हा पहिलं, दुसरं, तिसरं. मग एक पद पुढे सरकून तेच. एखादं पद निसटलं किंवा उलटसुलट झालं तर शेजारची पदं ते लगेच पकडून देतात. चूक होणारच हे गृहीत धरून गरजेपेक्षा जास्त पाठवायचं, म्हणजे पलीकडचा स्वतः दुरुस्त करून घेईल, हे तत्त्व घनपाठात आहे आणि त्या २३ बिटांतही तेच आहे. त्यामुळे डिजिटल परकं आहे, आपल्या श्रवणाच्या परंपरेत बसत नाही, असं मी कधीच म्हणणार नाही.

तरीही तिलवाऱ्यासाठी मी ॲनालॉगचाच आग्रह धरला. त्याचं कारण नर्मदा.

पावसाळ्यात बरगी धरणाचे दरवाजे उघडले की ग्वारीघाट, तिलवारा इथलं पाणी झपाट्याने चढतं. अशाच एका रात्री आमच्या गटातला एक तरुण घाटाच्या वरच्या अंगाला थांबला होता आणि मी शहरात घरी सेटपाशी बसलो होतो. त्याने बटण दाबलं तेव्हा शब्दांच्या आधी मला नदी ऐकू आली. पुलाच्या खांबांना धडकून वळणाऱ्या पाण्याचा तो खर्ज त्या काठावर राहिलेल्या माणसाला वेगळा ओळखू येतो. तो सांगत होता, "काका, पाणी चढतंय, पण मी ठीक आहे." मी म्हणालो, "आधी रस्त्यावर ये. वर आल्यावर बोल." त्याच्या शब्दांत धोका नव्हता. धोका त्याच्या मागे वाजत होता आणि रिपीटरने तोही इमानेइतबारे माझ्यापर्यंत आणला, कारण त्यातलं कामाचं काय आणि बिनकामाचं काय हे ठरवण्याचा अधिकार आम्ही त्याला दिलेलाच नव्हता.

डिजिटल चिपपाशी मानवी गळ्याचा एक नमुना असतो. जे ऐकू येईल ते त्या नमुन्यात बसवणं हे तिचं काम. नदी त्यात बसत नाही. गोंगाट काढून टाकण्याची सोय चालू असेल तर नदी पुसली जाते. नसेल तर चिप तिचंही माणसाच्या उच्चारात वर्णन करू पाहते आणि कधीकधी शब्दांसकट सगळं गढूळ होतं. अमेरिकेतल्या अग्निशमन दलांना २००८ च्या सुमारास हाच अनुभव आला. यांत्रिक करवती आणि धोक्याचे भोंगे जवळ वाजत असताना डिजिटल सेटवर जवानांचं बोलणं कळेनासं होई, आणि त्यावर तिथल्या अग्निशमन प्रमुखांच्या संघटनेला चाचण्या घ्याव्या लागल्या. वर्णन करणारा कितीही कुशल असो, काय वर्णन करण्यासारखं आहे हे त्याने आधीच ठरवलेलं असतं. सभेतल्या भाषणाला ते चालतं. आणीबाणीच्या वेळी, पुढे काय महत्त्वाचं ठरणार हे कोणालाच ठाऊक नसताना, ते चालत नाही.

दुसरा मुद्दा शंकेचा. ॲनालॉगमध्ये सिग्नल दुबळा होत जातो तशी खरखर वाढते. समोरचा सात म्हणाला की साठ, असा संशय येतो आणि मी म्हणतो, "पुन्हा सांग." ऐकलेल्यावर किती विश्वास ठेवायचा हे ती खरखर मला शब्दागणिक सांगत असते. डिजिटलमध्ये आवाज शेवटच्या मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतो. एखादा तुकडा दुरुस्त होण्यापलीकडे बिघडला तर त्याच्या जागी मागचाच तुकडा पुन्हा वाजवून फट बुजवली जाते. मर्यादा ओलांडली की क्षणभर न समजणारी कुलकुल आणि मग शांतता. दुबळ्या सिग्नलमधूनही स्वच्छ शब्द काढून देणं ही मोठी विद्या आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन संभाषणं चालवण्याची सोय तर ॲनालॉगला कधी जमणारच नाही. पण ऐकणाऱ्याची शंका त्याला न विचारता मिटवून टाकणं, हे मला माध्यमाच्या अधिकारात बसतं असं वाटत नाही. शंका घेण्याचा हक्क ऐकणाऱ्याचा आहे.

इथे मला न्यायशास्त्रातली आप्ताची कल्पना फार मोलाची वाटते. प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्याप्रमाणेच विश्वासू माणसाचा शब्द हेही ज्ञानाचं प्रमाण आहे, असं नैयायिक मानतात. असा माणूस कोणता, याची वात्स्यायनाने केलेली फोड सरळ आहे: ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगण्याची ज्याची इच्छा आहे. तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, त्याने फरक पडत नाही. या कसोटीवर रिपीटर घासून पाहिला की अडचण उभी राहते. तो काही जाणत नाही. त्याला कसली इच्छाही नाही. मग घाटावरच्या मुलाचा शब्द त्याच्यातून आल्यावर माझ्यासाठी प्रमाण कसा राहतो?

माझं उत्तर असं आहे की जशी गोष्ट तशी पोचावी ही इच्छा यंत्रात नसते, ती यंत्र सांभाळणाऱ्यात असते. ती देखभालीत दिसते. जूनच्या आधी अँटेनाच्या कनेक्टरवरची जुनी टेप सोलून आत ओल गेली आहे का हे पाहायचं, कारण केबलमध्ये शिरलेलं पाणी सिग्नल गुपचूप खातं. बॅटरीच्या टर्मिनलवर आलेली पांढरी बुरशी घासून काढायची. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालायचं, नाहीतर पहिल्याच वळवात वीज सेटचा रस्ता धरते. मे महिन्यात जबलपूरचा पारा चव्वेचाळीसपर्यंत चढतो, तापलेल्या कॅव्हिटी आपल्या जागेवरून हलतात आणि रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होऊ लागतो. तेव्हा त्या पुन्हा जुळवायच्या. हे करताना कोणी पाहत नाही. घाटावर उभ्या राहणाऱ्या मुलाला तर आमच्यापैकी कोण गच्चीवर चढलं होतं हेही माहीत नसतं. त्याचा शब्द प्रमाण राहावा म्हणून कोणीतरी स्वतःवर घेतलेली ही जबाबदारी आहे, आणि मला ती उपासनेइतकी गंभीर वाटते. यंत्राला आप्त होता येत नाही, म्हणून त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या माणसाला व्हावं लागतं.

डिजिटलबद्दल माझी खरी अडचण इथे आहे. डीएमआर, डी-स्टार, फ्यूजन या तिन्ही पद्धतींत आवाजाचं वर्णन करणारी विद्या एकाच अमेरिकी कंपनीची, मालकी हक्काची आहे. चिप विकत मिळते, पण आत ती काय ठेवते आणि काय टाकते हे मला उघडून पाहता येत नाही. जे मी पाहू शकत नाही त्याची हमी मी त्या मुलाला कशी देऊ? ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड रो यांनी कोडेक २ नावाची तशीच विद्या सगळ्यांसाठी खुली करून ठेवली आणि एम१७ नावाची पद्धत तिच्यावर उभी राहिली. तिच्यातही नदी ऐकू येणार नाही, पण का येणार नाही हे मी वाचू शकतो, बदलून पाहू शकतो आणि दुसऱ्याला समजावून सांगू शकतो. हा फरक मला आवाजाच्या गोडीपेक्षा मोठा वाटतो.

नवा परवाना मिळालेली मुलं येऊन विचारतात, "काका, आपल्याकडे कोणता बसवायचा?" शहरातल्या गप्पांसाठी, लांबच्या मित्रांशी जोडून घेण्यासाठी त्यांनी डिजिटल जरूर वापरावं, त्यातलं गणित शिकावं, शक्य असेल तर खुली पद्धत निवडावी, असं मी त्यांना सांगतो. ज्या रिपीटरवर पुराच्या रात्री कोणाचा तरी जीव अवलंबून राहणार आहे, त्याच्यासाठी मात्र दोनच कसोट्या लावायच्या. तो आपल्या हाताने उघडून दुरुस्त करता येतो का? आणि त्याच्यातून चुकीचं काही पोचलं तर पलीकडच्या माणसासमोर उभं राहून आपण त्याचं उत्तर देऊ शकतो का? दोन्हींना हो म्हणता येईल तोच रिपीटर बसवावा, आणि तो टिकेल तोपर्यंत गच्चीवर चढत राहावं.