आगेऱ्याची टोपली



ऑक्टोबर महिन्याचा पहिला रविवार म्हणजे आपला आगेरा. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणायच्या, धर्मगुरूंनी त्यांना आशीर्वाद द्यायचा आणि मग त्या घरोघरी न्यायच्या, ही ईस्ट इंडियन समाजाची जुनी रीत आहे. शेताला लॅटिन भाषेत 'आगेर' म्हणतात आणि सणाचे नाव त्यावरूनच आले असे सांगतात. मरोळमध्ये आता नाव राहिले आहे, शेत गेले आहे. गावठाणाभोवती भातशेती उरलेली नाही. वेदीपुढे ठेवायच्या लोंब्या आपल्याला बाहेरून आणाव्या लागतात.

अलीकडे राहायला आलेल्या कुटुंबांसाठी थोडा इतिहास सांगतो. येशूसंघीय धर्मगुरूंनी १५७९ साली कोंदिविट्याला चर्च बांधले. पुढे रोगाची साथ आली आणि १८४० मध्ये लोक चर्चसह मरोळला आले. त्या जुन्या चर्चच्या भिंती आज सीप्झच्या कुंपणाच्या आत उभ्या आहेत आणि दर मे महिन्यात आपण तेथे मिस्सासाठी जातो. १९७३ मध्ये सीप्झ सुरू झाले. जेथे भात कापला जायचा तेथे आता दागिने घडतात आणि संगणकाची कामे चालतात. हे मी रडगाणे म्हणून सांगत नाही. त्याच कारखान्यांच्या पाळ्यांवर आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल पेटते. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. ज्याच्याकडे शेत नाही त्याने देवापुढे पहिले फळ कोणते ठेवावे?

अनुवादाच्या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय घरी उघडून वाचा. इस्राएली माणसाने भूमीच्या पहिल्या उपजातले काही टोपलीत घालून याजकाकडे न्यायचे आहे. मात्र टोपली ठेवताना त्याने स्वतःच्या मालकीचा अभिमान सांगायचा नाही. आपला पूर्वज भटका होता, परक्या देशात उपरा म्हणून राहिला, तेथे त्याचा छळ झाला आणि देवाने त्याला सोडवले, हे त्याने बोलून दाखवायचे आहे. त्यानंतर त्याने, लेव्याने आणि त्याच्यामध्ये राहणाऱ्या परक्याने मिळून त्या उपजाचा आनंद घ्यायचा आहे. टोपली वेदीपाशी येते खरी, पण आज्ञा तेथे संपत नाही. परका जेवला की ती पुरी होते.

आपण देतो ते बहुधा उरलेले असते. लग्न किंवा बारसे झाले की रात्री साडेअकराला कोणाला तरी आठवण होते, आणि बिर्याणीचे पातेले एखाद्या आश्रमाच्या दारात जाऊन उभे राहते. त्या कामाला मी नावे ठेवत नाही. अन्न फेकणे म्हणजे गरिबाच्या ताटातले चोरणे होय, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली बजावले होते. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ मध्ये रोटी बँक सुरू करून समारंभातले उरलेले अन्न भुकेल्यांपर्यंत नेले, तेही स्तुत्यच आहे. पण उरलेल्या अन्नाचे दान दोन माणसांना दोन पायऱ्यांवर उभे करते. वरच्याचे पोट आधी भरलेले असते आणि खालच्याने उभ्याउभ्या आभार मानायचे असतात. पहिल्या फळाचे तसे नसते. ते देणारा स्वतः अजून जेवलेला नसतो.

आता हंगामी अन्नाकडे या. निर्गमाच्या पुस्तकातला मान्ना सर्वांना आठवत असेल. ज्याने पुष्कळ गोळा केला त्याला जास्त झाला नाही आणि ज्याने थोडा घेतला त्याला कमी पडला नाही. सकाळपर्यंत ठेवला त्याच्यात मात्र किडे पडले. हंगामातल्या ताज्या जिनसेचा स्वभाव असाच आहे. झाडावरचा फणस एका घरात संपत नाही. बिंबलीला बहर आला की लोणचे घालूनही झाडाखाली सडा पडतो. शेवग्याच्या शेंगा एकदम लागतात. गावठाणात पूर्वी या गोष्टी कुंपणावरून शेजारी जायच्या, आणि रिकामे भांडे परत येताना त्यात दुसरे काही असायचे. शीतकपाट आले आणि साठवता येऊ लागले. जे साठवता येते ते वाटायची आठवण राहत नाही, असे माझे मत आहे. माझे मत काही श्रद्धेचा सिद्धांत नव्हे. कोणाला वाद घालायचा असेल तर मिस्सानंतर जरूर भेटा.

साठवण मुळात वाईट नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, आणि त्या दिवसांसाठी सुके बोंबील, जवळा आणि सुकट घ्यायला दूरदूरचे लोक आपल्या मरोळच्या बाजारात येतात. तीही ऋतूची जाण आहे. पहिल्या सरी पडल्या की आरेतल्या पाड्यांवरच्या आदिवासी भगिनी रस्त्याकडेला शेवळे, टाकळा आणि कंटोळी घेऊन बसतात. शेवळे खाजतात, म्हणून त्यांत काकडे घालावी लागतात, हे त्या विकताविकता शिकवतात. त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण मॉलमध्ये परदेशातून आलेले सफरचंद छापील किमतीला मुकाट्याने घेतो. वसईच्या पालेभाज्या आणि केळी आपल्यापर्यंत येतात, कारण तेथे अजून काही वाड्या शिल्लक आहेत. त्या टिकाव्यात म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसईसाठी लढा दिला. फादर २०२४ मध्ये प्रभूघरी गेले. जवळच्या मळ्यातली जुडी विकत घेणे हा त्या लढ्यातला आपला लहानसा वाटा समजा.

तेव्हा यंदाच्या आगेऱ्याला असे करू या. प्रत्येक घराने त्या आठवड्यात हंगामात असलेली एक जिन्नस आणावी. परसातली असेल तर उत्तमच. इमारतीत राहणाऱ्यांनी म्हणायचे कारण नाही की, फादर, आमच्याकडे झाड कोठे आहे? बाजारात जी भाजी त्या आठवड्यात मुबलक आणि स्वस्त असेल ती बहुधा हंगामाचीच असते. फक्त ती घरच्या स्वयंपाकाच्या आधी बाजूला काढावी. शिजवलेले अन्न व मासळी नको. उन्हात टिकत नाही. अर्पणविधीच्या वेळी टोपल्या लोंब्यांसोबत वेदीपुढे येतील आणि मिस्सानंतर आवारात एका लांब कापडावर ओतल्या जातील. तेथून सर्वांनी घ्यायचे आहे.

'सर्वांनी' या शब्दावर माझा भर आहे. गरिबांची वेगळी रांग लागणार नाही. कुपन नाही, नावे लिहिणे नाही, फोटो काढणे तर मुळीच नाही. ज्याने दुधी आणला त्याने दुसऱ्या कोणाची भेंडी घरी न्यावी. डॉक्टर, रिक्षाचालक, जालन्याहून आलेला बांधकाम मजूर आणि गावठाणातली आजी एकाच कापडापाशी वाकली, तर कोण गरजू हे बघणाऱ्याला ओळखता येणार नाही. ज्यांना गरज नाही तेही नेतील, अशी शंका कोणीतरी काढणारच. त्यांनी न्यावेच, अशी माझी विनंती आहे. सधन माणूस घेणार नसेल तर गरीब माणूस लाजेने मागे राहील. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनासचा एक विचार मनात ठसला. अत्यंत गरजेच्या वेळी वस्तू सर्वांच्या होतात, आणि तशा माणसाने जगण्यापुरते घेतले तर ती चोरी ठरत नाही. ज्याचे घेणे चोरी नाही त्याचे घेणे भीक तरी कशी असेल?

आणखी एक गोष्ट. करिंथच्या मंडळीवर संत पौल रागावला तो याच कारणासाठी. प्रभुभोजनाला जमलेले लोक आपापले जेवण आधीच उरकत, त्यामुळे कोणी उपाशी राही तर कोणी पिऊन तर्र होई. उशिरा येणारे बहुधा कष्टकरी असावेत. आपल्याकडेही सुरक्षारक्षक, परिचारिका आणि पाळीवर काम करणारे लोक सकाळच्या मिस्साला येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी निम्म्या टोपल्या संध्याकाळच्या मिस्सापर्यंत झाकून ठेवल्या जातील आणि चांगला माल सकाळीच निवडून नेला जाऊ नये म्हणून समूहांच्या स्वयंसेवकांनी आधीच दोन भाग करावेत. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचा वाटा ख्रिस्तप्रसाद नेणारे सेवक त्यांच्या घरी पोहोचवतील.

नोव्हेंबरपासून हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करायचे की नाही, ते कापडाकडे बघून ठरवू. स्वयंसेवकांनी आपली नावे समूहप्रमुखांकडे द्यावीत. टोपल्या परत हव्या असतील तर तळाशी खूण करा. आणि लाल भोपळा आणणाऱ्यांनी तो कृपया अखंडच आणावा. कापायला सुरी आमच्याकडे आहे.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू