पटावरची नावे

प्रत्येक शाळेच्या कचेरीत जनरल रजिस्टर असते. जात पडताळणीसाठी लोक आजोबा-पणजोबांचा निर्गम उतारा मागायला येतात, तेव्हा त्यातली जुनी, कडा झिजलेली रजिस्टरे उघडावी लागतात. शिक्षक म्हणून हे काम पुष्कळदा माझ्या वाट्याला आले. जुन्या पानांवर विठ्ठल, पांडुरंग, गोदावरी, भागीरथी, धोंडू, भिकाजी, दगडू अशी नावे ओळीने भेटतात. यंदाच्या पहिलीच्या पटावर आरव, विहान, अन्वी, इरा, शिवांश, रेयांश आहेत. हे दोन्ही कागद वाचताना एक विचार मनात घर करून राहिला. नावे बदलली हे खरेच. पण नाव ठेवण्याचा हक्क कोणाकडे होता आणि ते कोणाला निमूटपणे वागवावे लागले, हा त्याहून मोठा बदल आहे.

पूर्वी नाव घराचे असे. थोरल्या मुलाला आजोबांचे, मुलीला पणजीचे किंवा एखाद्या नदीचे, नाहीतर कुलदैवताचे. खंडोबाच्या घरात मल्हारी आणि मार्तंड, पंढरीची वारी असलेल्या घरात तुकाराम आणि मुक्ता. पंचांगातून जन्मनक्षत्राच्या चरणाचे अक्षर निघे. रोहिणी असेल तर ओ, वा, वी, वू. बाराव्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगे. या साऱ्यात बाळंतिणीला काय हवे होते, हे फारसे कोणी विचारत नसे. उलट सासऱ्याचे नाव तोंडून घ्यायचे नाही या रिवाजामुळे, मुलाला आजोबांचे नाव ठेवले की त्याची आईच त्याला त्या नावाने हाक मारू शकत नसे. मग घरोघर बाळ, बंडू, अण्णा, नाना ही हाकेची नावे रूढ झाली. लोकमान्य टिळकांचे ठेवलेले नाव केशव. पण घरातले ‘बाळ’ कायम राहिले आणि तेच इतिहासात गेले.

धोंडू, दगडू, केरू, कचरू ही नावे वाचून आजची मुले चकित होतात. त्यांना मी आवर्जून सांगतो, की यात मायाच होती. लागोपाठ दोन-तीन मुले दगावली की पुढच्या बाळाला मुद्दाम ओबडधोबड नाव ठेवत, म्हणजे दृष्ट लागणार नाही, काळाची नजर त्याच्यावर जाणार नाही. देवी, पटकी आणि प्लेगच्या काळात आईबापांच्या हाती दुसरे काय होते? लसी आल्या, दवाखाने जवळ आले, मुले जगू लागली, आणि ही नावे पटावरून हळूहळू निघून गेली.

‘नकुसा’चे मात्र तसे नाही. ती जगावी म्हणून हे नाव ठेवले जात नव्हते. मुलगी पुन्हा नको, हे दैवाला कळवण्यासाठी ठेवले जात होते, आणि ते ओझे तिने जन्मभर वागवायचे. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 285 मुलींचे समारंभपूर्वक नव्याने नामकरण झाले. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी सावित्री. मोठे म्हणावे असे पुष्कळ सरकारी सोहळे होतात. मला मोठा वाटतो तो हा, कारण यात मुलींना स्वतःची नावे निवडता आली.

जुन्या नोंदींत आणखी एक गोष्ट डोळ्यांत खुपते. एकच नाव, पण एका घरी ते धोंडोपंत होते आणि दुसऱ्या घरी धोंड्या. नावाच्या शेपटावरून माणसाची जात आणि पायरी कळावी, अशी ती व्यवस्था होती. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतरच्या पटांवर सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा दिसू लागतात. बाबासाहेबांनी उभारलेल्या संस्थेने मुंबईच्या महाविद्यालयाला सिद्धार्थ आणि औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव आधीच दिले होते. ज्यांच्या आजोबांची नावे गावाने तोडून टाकली होती, त्यांनी मुलांसाठी अडीच हजार वर्षांच्या परंपरेतून नावे घेतली. नामकरणाच्या आपल्या इतिहासात याहून अर्थपूर्ण निवड मला दिसत नाही.

स्त्रियांचे नाव तर दोनदा ठेवले जाई. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही माहेरच्या यमुना. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले, की पहिली हाक माहेरीच राहायची. आता पुष्कळ मुली आपले नाव बदलू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

आज बाळाचे नाव आईबाप मिळून ठरवतात. महिनोन् महिने मोबाइलवर शोध चालतो. नाव वेगळे हवे, दोन-तीन अक्षरांत मावणारे हवे, परदेशी शिक्षकालाही उच्चारता आले पाहिजे. यात प्रेम आहे, कष्टही आहेत. पण वेगळेपणाच्या शोधात सगळेच एका वाटेने गेल्यामुळे वर्गात आरव, आरुष, आरोही, अन्वी, अन्वय अशी एकमेकांत मिसळणारी नावे गोळा होतात. इंग्रजी स्पेलिंगला सोयीचे नाही म्हणून गोपाळ आणि ज्ञानेश्वर मागे पडतात. काही नावांचा इंटरनेटवर दिलेला अर्थ कोशात शोधूनही सापडत नाही. याची मला काळजी वाटते. दुसरीकडे मल्हार, मुक्ता, रमा, सई ही नावे परतली आहेत, आणि ती आजोबांच्या आज्ञेवरून आलेली नाहीत. तरुण आईबापांनी ती आवडीने निवडली आहेत.

कोणी विचारले तर मी आईबापांना एवढेच सांगतो, की नाव जगावेगळे असण्यापेक्षा त्यामागे सांगण्यासारखे काही असू द्या. रमेश तेंडुलकर या मराठी कवीने संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरच्या प्रेमापोटी मुलाचे नाव सचिन ठेवले. अशी एक गोष्ट मुलाला देता आली तर साधे नावही त्याचे स्वतःचे होते.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांसाठी महाराष्ट्रात नवा नियम लागू झाला आहे. सरकारी कागदांवर आधी बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. ही मुले लवकरच पहिलीच्या वर्गात येतील आणि त्यांच्या आयांची नावे जनरल रजिस्टरात मुलाच्या नावालगत लिहिली जातील. ज्या आईला कधीकाळी आपल्या मुलाचे नाव उच्चारायचीही मोकळीक नव्हती, तिचे नाव आता त्याच्या नावाचाच भाग आहे. नाव निवडताना कोणते अक्षर गोड लागते याचा विचार आईबापांनी जरूर करावा. पण बाळासाठी ठरवायच्या या पहिल्या गोष्टीत आईचा शब्द बरोबरीचा आहे ना, आणि पुढे ते नाव सांगताना मूल मान वर करून उभे राहील ना, हे आधी पाहावे.