दुसरे खाते

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे वहीची पूजा होते. नवी कोरी चोपडी, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, एका बाजूला 'शुभ' आणि दुसऱ्या बाजूला 'लाभ'. या पूजेची मला नेहमीच एक गंमत वाटत आली आहे. वहीला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात, आणि हळदकुंकू काही जमेच्या बाजूलाच वाहून भागत नाही. पूजा सगळ्या वहीची होते. म्हणजे ज्यांच्या नावावर रकमा येणे दिसतात, त्यांचीही नावे त्या दिवशी फुलाखाली झाकली जातात. ती माणसे त्या वेळी कुठे असतात, त्यांच्या घरी पणती लागली आहे की नाही, हे वहीला ठाऊक नसते.

कर्ज घ्यावे की घेऊ नये, याविषयी आपल्या पूर्वजांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. यक्षाने सुखी कोण असे विचारले, तेव्हा धर्मराजाने जे उत्तर दिले त्यात ऋण नसणे ही एक अट होती. घरची भाजी उशिरा का शिजेना, ती कुणाच्या उपकाराची नसावी. उलट चार्वाकाच्या नावावर खपवलेला तुपाचा सल्ला तर सर्वांनाच पाठ आहे. पण हे दोघेही कर्जाच्या उंबरठ्यावरच थांबतात. जो आत जाऊन बसला आहे, ज्याला देणे बुडवायचे नाही आणि एकदम फेडताही येत नाही, आणि जो पाच वर्षे दरमहा थोडेथोडे फेडणार आहे, त्याने त्या पाच वर्षांत जेवायचे किती आणि कोणाच्या पैशांतून? त्याच्या खिशात आज जे पैसे आहेत ते त्याचे की सावकाराचे? हा प्रश्न मला अलीकडेच पडला, आणि तोही शास्त्रामुळे नव्हे, शेजाऱ्यांमुळे.

आमचे हे शेजारी एका छोट्या कारखान्यात नोकरीला आहेत. पगार महिना सत्तावीस हजार. घरातल्या आजारपणाने आणि थोड्याफार हौसेनेही (ते स्वतःच तसे सांगतात, म्हणून मी लिहितो) त्यांच्या डोक्यावर चार लाख ऐंशी हजारांचे देणे झाले. ज्या बँकेत पगार जमा होई तिचेच दोन लाख चाळीस हजार. दोन क्रेडिट कार्डांचे नव्वद हजार आणि तीस हजार. आणि गावातल्या एका पतसंस्थेचे एक लाख वीस हजार. वर्षभराच्या विनवण्यांनंतर चौघेही पुढचे व्याज न लावता साठ हप्त्यांत रक्कम घ्यायला कबूल झाले. महिना आठ हजार; चार हजार, दीड हजार, पाचशे आणि दोन हजार. ज्याचे जितके देणे, त्याला तितका वाटा. गणित इतके नेटके बसले की त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

पुढच्याच महिन्यात पगार जमा झाला आणि संध्याकाळपर्यंत खाते रिकामे. तोंडी ठरले होते, कागद हाती यायचा होता, आणि मधल्या काळात बँकेने जुन्या थकबाकीपोटी सगळी रक्कम वळती करून घेतली. कर्जाच्या करारात तसे कलम होते, आणि १८७२ च्या आपल्या करारविषयक कायद्यानेही बँकेला आपल्या हाती असलेल्या ग्राहकाच्या वस्तूंवर असा हक्क फार पूर्वीच मान्य केला आहे. त्यामुळे बेकायदा काही झाले असे मी म्हणत नाही. पण परिणाम पाहा. किराणावाला राहिला, शाळेची फी राहिली, आणि बाकीच्या तिघांचे हप्ते त्याच खात्यातून आपोआप जायचे होते तेही परत गेले. प्रत्येक परत गेलेल्या हप्त्याचा दंड दोन्हीकडून लागला.

तेव्हा कोणीतरी त्यांना सुचवले, की जिथे आपले देणे नाही अशा बँकेत दुसरे खाते उघडा आणि पगार तिकडे वळवा. इंग्लंडात कर्जबाजारी माणसांना सल्ला देणाऱ्या धर्मादाय संस्था आहेत; त्यांचाही पहिला सल्ला जवळजवळ हाच असतो. आमच्या शेजाऱ्यांना मात्र तो रुचला नाही. ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, हे पळून जाण्यासारखं नाही का? ज्याचं देणं आहे त्याच्या हाताला लागू नये म्हणून पैसे दुसरीकडे ठेवायचे! वडील असते तर काय म्हणाले असते?"

वडील काय म्हणाले असते हे मला माहीत आहे, कारण ती पिढी मी पाहिली आहे. आधी देणे, मग खाणे. असा त्यांचा बाणा. त्या बाण्याविषयी मला आदर आहे. पण तो ज्या काळातला, त्या काळी देणेघेणे समोरासमोरचे होते हे विसरून चालणार नाही. जुन्या काळी सावकार धरणे धरून ऋणकोच्या दारात बसे तो स्वतः उपाशी बसे, आणि तो उठेपर्यंत घरातल्यांनीही जेवायचे नाही असा संकेत असे. क्रूर म्हणा हवे तर, पण त्या भुकेत दोघांचा वाटा होता. आज वसुलीचा फोन करणारा मुलगा जेवून आलेला असतो, आणि आपले पैसे तर त्यालाही मिळायचे नसतात. त्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये असे रिझर्व्ह बँकेला २०२२ साली लेखी सांगावे लागले, यावरून संकेतांचे काय झाले ते कळावे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरेदुकाने फोडली आणि खतपत्रे, रोखे, वह्या जाळल्या. पुढे ते लोण नगर जिल्ह्यातही पोचले. त्या लोकांचा मुख्य रोख कागदांवर होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारने जो कायदा केला त्यात न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा मिळाली, हप्ते बांधून देण्याची मुभा मिळाली, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. आणखी एक बारीकशी तरतूद त्यात होती, ती मला सर्वांत मोलाची वाटते: सावकाराने भरल्या पैशांची पावती द्यावी, दरसाल हिशेब द्यावा, आणि शेतकऱ्याने मागितल्यास त्याला पासबुक करून द्यावे. आज आपण बँकेच्या यंत्रात पासबुक सरकवतो तेव्हा हे कुणाच्या मनातही येत नाही. वही सावकाराच्या घरात होती तोवर ऋणकोला फक्त देणे होते, हिशेब नव्हता. पासबुक त्याच्या हाती आले आणि तो प्रथमच व्यवहारातला दुसरा माणूस झाला.

आणि ऋणकोकडे काय शिल्लक राहू द्यावे, याचाही विचार कायद्याने केलेला आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतले साठावे कलम कोणी वाचून पाहावे. कायद्याच्या पुस्तकात इतके घरगुती पान दुसरे सापडणार नाही. हुकूमनामा झाला तरी अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, बैल, बियाणे यांना हात लावायचा नाही. धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने घ्यायचे नाहीत. पगार असेल तर, पोटगीची बाब सोडता, पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश त्याला सोडायचे. आमच्या शेजाऱ्यांच्या पगाराला हे माप लावून पाहिले, तर ढोबळ हिशेबाने महिना साडेआठ हजारांच्या आसपास जप्ती होऊ शकली असती. त्यांनी आपणहून आठ हजार कबूल केले होते! आणि न्यायालयालाही जे एका महिन्यात नेता आले नसते ते बँकेच्या वहीत एका पानावरून दुसऱ्या पानावर गेले, कारण पगाराचा डबा आणि कर्जाची वही एकाच फडताळात होती.

इथवर आल्यावर दुसऱ्या खात्याच्या बाजूने निकाल देणे सोपे होते. पण मला थांबवले ते पतसंस्थेने. बँक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे संगमरवरी फरशी येते आणि मन जरा निबर होते. पतसंस्थेत मात्र कोणाचे पैसे असतात? निवृत्त शिक्षकाची ठेव असते, भाजीवालीची रोजची अल्पबचत असते. मुदत संपल्यावर ठेव मिळत नाही म्हणून संस्थेच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. ऋणकोने घरखर्चाला म्हणून राखलेल्या एकोणीस हजारांत त्या म्हातारीचाही काही अंश असतो. 'माझ्या मुलांनी जेवायला हवे' हे वाक्य तीही म्हणू शकते.

पण नेमके याच ठिकाणी दुसऱ्या खात्याची बाजू मला पहिल्यांदा नीट उमगली. जुन्या खात्यात पगार जात राहिला असता तर नागवले कोण गेले असते? घर तर गेलेच असते. पण त्याबरोबर पतसंस्थाही. थैली ज्याच्या ताब्यात त्याने आपले आधी काढून घेतले, आणि बाकीच्या तिघांना, त्यातही ज्याची गरज सर्वांत मोठी त्याला, दंडाच्या चिठ्ठीपलीकडे काही मिळाले नाही. चौघांत न्यायाने वाटून द्यायचे तर वाटणारा हात चौघांपैकी कोणाचाही असून भागत नाही. दुसरे खाते हे घरासाठी जितके, तितकेच त्या म्हातारीसाठीही.

राहिला लपवण्याचा प्रश्न. आमच्याकडे बायका डाळीच्या डब्यात पैसे ठेवीत. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा कितीएक घरांतले हे डबे नवऱ्यांपुढे प्रथमच उघडे झाले. त्या पैशांना चोरी कोणी म्हटले नाही, कारण ते कशासाठी ठेवले होते हे सर्वांना आतून ठाऊक होते. पण सावकार म्हणजे काही नवरा नव्हे. त्याच्यापासून डबा लपवला तर त्याला शंका घेण्याचा अधिकार आहे. मी हे असे घोळवीत बसलो होतो, तोच शेजाऱ्यांच्या पत्नी म्हणाल्या, "भाऊजी, चौघांना पत्र टाकलं तर? नवं खातं अमुक बँकेत, पगार इतका, घरखर्च इतका, तुमचा हप्ता अमुक तारखेला इथून येईल. मग त्यात लपवलं काय?"

मी एवढी पुस्तके चाळली, आणि प्रश्नाचा निकाल त्या बाईंनी पोस्टकार्डाएवढ्या मजकुरात लावला. तोच करारविषयक कायदा सांगतो, की एकाच धनकोची अनेक देणी असतील तर पैसे देताना ऋणकोने 'हे अमुक देण्यापोटी' असे सांगावे. मग घेणाऱ्याला ते तिथेच लावावे लागतात. तो गप्प राहिला तर निवड घेणाऱ्याची. बोलणाऱ्या ऋणकोला कायद्यातही मान आहे तो असा.

पत्रे गेली. कारखान्याच्या हिशेबखात्यात अर्ज देऊन पगार नव्या खात्यात वळवला, जुन्या खात्यावरचे हप्त्यांचे आदेश रद्द केले, नवे आदेश पगारानंतर तीन दिवसांनी बसवले. प्रामाणिकपणाचे फळ लगेच गोड लागले असे मात्र नाही. बँकेने लेखी कागद पाठवला. पतसंस्थेच्या सचिवांनी घरी येऊन चहा घेतला. पण एका कार्डवाल्यांनी उलट रोज फोन सुरू केले. घरखर्चाचा आकडा त्यांच्या हाती आला होता, आणि तो त्यांना फार वाटत होता. लपवले असते तर हा त्रास झाला नसता, हे खरेच आहे. घरखर्चातले दूध किती आणि केबल कशाला, यावर एका अनोळखी मुलीशी फोनवर वाद घालणे ही त्या घरातल्या माणसांच्या मानाला किती लागणारी गोष्ट होती, ते मी पाहिले आहे. ठरलेला हप्ता तारखेला पोचल्यावर उरलेल्या पैशांचा जाब विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे माझे मत आहे, आणि ते मी त्यांनाही सांगितले.

मग दिवाळी आली, आणि बोनस आला. बारा हजार. करारात बोनसचा उल्लेख नव्हता, तेव्हा कागदावर तो पूर्ण त्यांचा. मी तसेच म्हणालो. मुलीला दोन वर्षांत नवा कपडा नव्हता. पण नवराबायकोंनी रात्री बसून ठरवले होते: निम्मा घराला, निम्मा वहीला, आणि वहीचा निम्मा त्याच जुन्या प्रमाणात. बँकेला तीन हजार, पतसंस्थेला दीड हजार, मोठ्या कार्डाला एक हजार एकशे पंचवीस, आणि लहान कार्डाला तीनशे पंचाहत्तर. मी विचारले, हे लहान कार्डवाले म्हणजे तेच ना रोज फोन करणारे? म्हणाले, तेच, पण वाटा त्यांचाही आहेच.

तीनशे पंचाहत्तर रुपये भरल्याचे दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर कळवले, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. पलीकडच्या मुलीला आकडा उमजेना. "सर, हा हप्ता आहे का?" तिने विचारले. "नाही, हप्ता पाच तारखेला गेला," ते म्हणाले, "हा आमच्या दिवाळीतला वाटा आहे." बराच वेळ टंकलेखनाचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, की तिच्या यादीत असा रकाना नाही, तर 'इतर' मध्ये टाकते.